वाघोलीच्या माळावरचा तणमोर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना आधीच माहीत होतं त्या एका बाईंखेरीज कुणालाच नाही. आमचे हे गेले, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? कारण — कारण काही नाही. सांगते आहे, इतकंच.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. बेडकाचं हृदय चुकीचं काढलं की पोरांना पान फाडून पुन्हा काढायला लावायची. पण ओळखतात मला 'झाडवाल्या बाई' म्हणून. वाघोलीच्या पुढे, कॉलेजं आणि इमारती यायच्या आधी, मोठं माळरान होतं. आज तिथे जी झाडी दिसते ती माझ्या शाळेतल्या मुलांनी लावलेली. तिच्याबद्दल मिळालेली तीन स्मृतिचिन्हं दिवाणखान्यात आहेत. धूळ मीच पुसते.

आम्हाला तो माळ ओसाड वाटायचा. आम्हा पेठेतल्या लोकांना नुसतं गवत दिसलं की तिथे झाड लावावंसं वाटतं. गवतातही कुणी राहतं, हे मी वर्गात शिकवलं होतं — पण वर्गात काय, आपण पुष्कळ शिकवतो.

खड्ड्यांच्या जागा आखायला मी एकटीच जायची. तिथे हौसाबाई शेरडं चारायच्या. हळूहळू ओळख झाली. मी मंडईतली केळी न्यायची, त्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायच्या. आषाढातल्या एका सकाळी त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. समोरच्या गवतातून एक काळा पक्षी उसळला — माणसाच्या उंचीएवढा वर — आणि तिथेच खाली उतरला. पुन्हा उसळला. डोक्यामागे बारीक तुरे, पंखांवर पांढरं. तणमोर! पुस्तकात ज्याच्या चित्राखाली 'नामशेष होण्याच्या वाटेवर' असं लिहिलेलं असायचं, तोच. नर असा उड्या मारून मादीला बोलावतो, मादी गवतातच, जमिनीवर अंडी घालते. हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं. आम्ही दोघी तासभर तशाच बसलो. मला आनंदाने रडू आलं होतं, हेही खरं आहे.

पुढच्याच रविवारी वृक्षारोपण होतं. तीन बस भरून मुलं, टेम्पोत रोपं, मांडवात पाहुणे, फलकावर माझं नाव. नारळ फोडणार, तेवढ्यात वनखात्याचे एक साहेब आले. हौसाबाईंनी त्यांना गाठून सांगितलं होतं — इथे पक्षी आहे, खड्डे घेऊ देऊ नका. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, तणमोर असेल तर आजचं काम थांबवून ही जागा राखावी लागेल. आपण जीवशास्त्राच्या, आपला शब्द पुरे. पाहिलात का आपण?

मी अडखळले असते, गोंधळले असते, तर एक वेळ… पण नाही. मी लगेच बोलले.

"नाही हो. तित्तर असेल. यांना काय कळतंय त्यातलं?"

'यांना' म्हणजे हौसाबाईंना. त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं — आता या मला मुलांदेखत खोटी पाडणार. पण त्या साहेबांकडे वळल्या.

"बाई म्हंत्यात तर तसंच आसंल. माजीच नजर चुकली."

दुपारपर्यंत सगळा माळ खणून झाला. मी पर्यावरणावर भाषण केलं. चांगलं झालं म्हणे.

पुढच्या आषाढात मी हळूच जाऊन पाहिलं, त्याच्या पुढच्याही. रोपांभोवतीचं गवत कापलेलं, चहूकडून तारेचं कुंपण. तो दिसला नाही. पुन्हा कुणालाच दिसला नाही. 'म्हातारीला तित्तराचा मोर दिसला' म्हणून गावात हौसाबाईंची थट्टा व्हायची, ती माझ्या कानांवर आली होती. कुंपणामुळे चराई बंद झाली, शेरडं विकावी लागली, आणि त्या खराडीच्या एका कंपनीत झाडलोटीला लागल्या.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना तिथे फाटकाबाहेर गाठलं. सगळं बोलून टाकलं — मी पाहिला होता, मी खोटं बोलले, माझं नाव फलकावर होतं म्हणून बोलले. मला काय हवं होतं? त्यांनी रागवावं, किंवा जाऊ द्या म्हणावं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मला काय सांगताय बाई? म्या तर तितंच हुते. त्या साहेबास्नी सांगा."

साहेब निवृत्त होऊन आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. सकाळी फिरताना भेटायचे. थांबून, हात जोडून म्हणायचे, बाई, तुमचं रान काय वाढलंय! मीही हात जोडायची. हौसाबाईंना भेटून आले त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते भेटले. त्यानंतर सहा वर्षं भेटत राहिले. गेल्या साली ते वारले. मी सांगितलं नाही.