जनवाड्याच्या माळावरचं लपण

"त्रास कधीपासून होतोय?" बिदरच्या दवाखान्यात स्ट्रेचरबरोबर भरभर चालताना डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच. रस्त्यात." त्यांनी मान हलवली आणि दार लोटून ते आत गेले. त्याच दुपारी शिवराज अण्णा वारले. त्याला आता काही आठवडे होऊन गेलेत, पण ते दोन शब्द माझ्या तोंडातून जायला तयार नाहीत. कारण त्रास रस्त्यात सुरू झाला नव्हता. तो माळावर, माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाला होता... आणि मी तो पाहिला होता.

अण्णांचं बिदरला कापडाचं दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि घाऊक व्यापाऱ्याशी भांडताना दखनी, अशा तीन भाषांत ते दिवसभर बोलायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमची ओळख झाली ती मी मातकट रंगाचं जाड कापड मागायला गेलो तेव्हा. "मातकट? कुणासाठी सर? असला रंग तर बाईमाणूस फुकट दिला तरी घेत न्हाई," ते म्हणाले. पक्ष्यांचे फोटो काढायला लपण शिवायचं आहे, त्यात बसलं की पक्षी आपल्याला घाबरत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी ठाण उलगडता उलगडता विचारलं, "त्याच्यात दोघं मावतील का?" आणि कापड दोघांच्या मापाचं फाडलं.

तेव्हापासून पळस फुलायला लागला की आमचे रविवार ठरलेले. कधी चिंचोळीचं जंगल, कधी जनवाड्याकडचा लाल मुरुमाचा माळ. अण्णांचा खरा जीव पाखरांत नव्हता, हे मला फार लवकर कळलं होतं. त्यांना रास्ना आवडायची. मोहाच्या किंवा आंब्याच्या खोडाला बिलगून वाढणारं हे ऑर्किड. त्याची पिवळट तपकिरी, निळ्या ओठाची फुलं दिसली की ते झाडाखाली मांडी घालून बसत. फोटो एखादाच काढत आणि मग फुलाशीच गप्पा मारत. "काय अक्का, औंदा उशीर केलाव?" मी हसलो की म्हणायचे, "फुलाचं एक बरं आहे सर, बोललं तर उडून जात न्हाई." रुईवरच्या नारिंगी फुलपाखरांमागे ते धोतर सावरत धावायचे आणि परत येऊन सगळे फोटो हलल्याचं मोठ्या कौतुकानं सांगायचे.

लपणात बसणं मात्र त्यांना शिक्षा होती. तिथला नियम माझा होता... बोलायचं नाही, हलायचं नाही, पक्षी जवळ आला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. "तुमच्या तंबूत बसणं म्हंजे व्याह्याच्या घरी बसल्यावानी," ते म्हणायचे, "खाज सुटली तरी हसत बसायचं." तरीही ते यायचे. मी एकटा उन्हात बसू नये म्हणून यायचे, हे आज लिहिताना जितकं स्पष्ट दिसतं तितकं तेव्हाही दिसत होतं. मी त्याला त्यांचा छंद म्हणत असे. तसं म्हणणं मला सोयीचं होतं.

माझी नजर धाविकावर होती. उघड्या माळावर तुरुतुरु धावणारा, मध्येच ताठ उभा राहणारा हा तांबूस पक्षी घरटं बांधत नाही, मुरुमातच अंडी घालतो आणि ऊन चढलं की त्यांच्यावर स्वतःची सावली धरून उभा राहतो. पिल्लांवर सावली धरलेल्या धाविकाचा फोटो मला हवा होता. मागच्या एका वसंतात जोडी अगदी जवळ आली असताना अण्णांना शिंक आली आणि दोन्ही पाखरं उडाली. मी परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही. जनवाड्याच्या स्टँडवर त्यांनी चहा आणून पुढे धरला. "घ्या सर. रागानं तरी प्या." मी कप घेतला आणि म्हणालो, "अण्णा, शिंका आवरत नसतील तर येत जाऊ नका." ते हसले. "व्हय. पुढच्या बारीला नाक घरी ठेवून येतो." मी हसलो नाही. त्यानंतर लपणात ते तोंडात उपरण्याचा बोळा धरून बसू लागले. खोकला आला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळायचे. मी ते पाहत होतो. सुधारले, असं मला वाटायचं.

त्या रविवारी आम्ही पहाटेच लपण लावलं. मादी अंड्यांवर होती, एक पिल्लू नुकतंच बाहेर आलेलं. उन्हं चढली. कापडाच्या आत भट्टी झाली होती. केव्हातरी मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा हात छातीवर होता, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, ओठ पांढुरके. माझ्याकडे पाहत त्यांनी तोंडातलं उपरणं काढलं. त्यांना काही बोलायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच मादी उठून उभी राहिली, तिनं पंख जरासे सैल सोडले. मी बोट वर केलं. थांबा.

अण्णांनी मान डोलावली आणि उपरणं परत तोंडात धरलं.

किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येत नाही. पिल्लू आईच्या पायांत आलं, सावलीत बसलं, पुन्हा बाहेर आलं, आणि मी फोटो काढत राहिलो. मागे वळलो तेव्हा ते लपणाच्या काठीला टेकले होते. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं." मग ते म्हणाले, "मग चला. जरा बरं वाटंना झालंय." गाडी लांब उभी होती. मी त्यांना एका खांद्याचा आधार दिला. दुसऱ्या खांद्यावर कॅमेरा होता. तो मी माळावर टाकून दिला नाही.

डॉक्टरांना "आत्ताच" म्हणालो ते घाबरून. पण नंतर अक्कांना, अण्णांच्या पत्नीला, "अगदी अचानक झालं" असं सांगितलं ते पूर्ण शुद्धीवर राहून. त्या मला चहा द्यायच्या आणि त्यांच्या गोष्टी सांगायच्या. "घरात खोकला आला तरी तोंडावर उपरणं धरायचे बघा," एकदा म्हणाल्या. "मी म्हणायची, अहो, इथं कोणतं पाखरू बसलंय?" त्या हसल्या. मी कप तसाच खाली ठेवला.

गेल्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "कामून सांगायलाव आता? तुमाला हलकं वाटावं म्हणून?"

खरं उत्तर "व्हय" असं होतं.

"बोट वर केलं तवा त्यांनी तुमच्याकडं बघितलं?"

"बघितलं."

"मान हलवली?"

"हलवली."

त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, रागही केला नाही. बराच वेळ समोरच्या गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "ते तसेच होते," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला न्हाई म्हणता आलं न्हाई कधी. पण तुमी तर गिऱ्हाईक नव्हता ना सर?"

मी हा लेख लिहू का, असंही मी विचारलं. "लिहा. पण त्यांना साधूसंत करू नका. बडबडे होते, तसंच लिहा. आन् तुमचं बी लिहा." मग त्यांनी विचारलं, "पाखरू मिळालं का शेवटी?"

"मिळालं."

"दाखवा."

कॅमेरा माझ्या पिशवीत होता. तो मी का नेला होता, ते मला ठाऊक नाही. पडद्यावर धाविक उभा होता, पायांत पिल्लू, भोवती पांढरं झालेलं ऊन आणि मधोमध तेवढीच एक सावली. अक्कांनी चष्मा लावून तो फोटो खूप वेळ पाहिला.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "त्यांना दाखवला होता?"

"न्हाई अक्का."

त्यांनी कॅमेरा मला परत दिला नाही. उठून कापडाच्या कपाटात, मातकट रंगाच्या उरलेल्या ठाणावर ठेवला आणि दार लावून घेतलं. "मग आता कुणालाच दाखवू नका," म्हणाल्या.

या लेखासोबत छापायला पुरवणीच्या संपादकांनी तो फोटो मागितला होता. फोटो आहे, पण मिळणार नाही, असं मी त्यांना कळवलं आहे.