अंतरपाटाची दोन मिनिटं

मोताळ्याच्या बाजारात पुंजाजीचं फोटोचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, मागच्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा आणि पुढे लोखंडी खुर्ची. घराणं वांगी-मिरच्या लावणाऱ्या माळ्यांचं. भावांनी मळा सांभाळला आणि याने कॅमेरा. हात चांगला होता त्याचा, पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. फोटो काढल्यापासून तो कागदावर उमटेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. बायको वच्छलाबाई म्हणायची, "लगन लोकाइचं आन् ताप तुमाले."

अशा माणसाने हलत्या चित्रांच्या फंदात पडायलाच नको होतं. पण १९७० च्या उन्हाळ्यात देऊळघाटचे रंगराव पाटील दुकानात येऊन बसले. धाकट्या मुलीचं, आशाचं, लग्न ठरलं होतं. बुलढाण्याला कुण्या वकिलाच्या घरी त्यांनी भिंतीवर घरच्याच माणसांचं चालतं-बोलतं दिसणारं चित्र पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"फोटो नाई पायजे," ते म्हणाले. "सिनेमावानी हालतं चित्र पायजे. जमते का तुले?"

जमत नाही म्हणायला छाती लागते. ती पुंजाजीकडे नव्हती. तो 'हाव' म्हणून बसला आणि त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली.

अकोल्याला जुने कॅमेरे विकणारा एक दुकानदार त्याच्या ओळखीचा होता. त्याने दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले. एक झकपक, तोंडावर तीन-तीन भिंगं, फिरवलं की लांबचं जवळ दिसे. दुसरा ओबडधोबड, एकाच भिंगाचा, कातडं सोललेला. पण त्याची काच मोठी आणि कमी उजेडातही काम करणारी. हातात तीन भिंगांचं यंत्र घेऊन मांडवात उभं राहिलं की पाहुणे कसे बघत राहतील, हे पुंजाजीच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा, चांगली घटकाभर त्याला तो मोह आवरला नाही. पण लग्नाचे मांडव त्याने पाहिलेले होते. वर कापड, चारी बाजूंनी माणसं, आणि मुहूर्त कधी वेळेवर लागल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने सोललेला कॅमेरा उचलला. एवढी एक निवड त्याने डोकं ठिकाणावर ठेवून केली, हे त्याच्या नावावर मांडायलाच हवं.

कॅमेरा चावीचा होता. एकदा चावी दिली की अर्धा मिनिट चाले. रीळ दोन्ही अंगांनी वापरायची असे: एक बाजू दोन मिनिटांत संपली की कॅमेरा उघडून ती उलटवायची आणि दुसरी बाजू घ्यायची. दुसरी बाजू झाली की रीळ पुन्हा पहिल्यासारखीच दिसे, अगदी कोरीकरकरीत. धुवायला मुंबईला पाठवायची, ती महिन्या-सव्वा महिन्याने परत येणार. तोवर आत काय आहे ते देवालाच माहीत. मिळाल्या होत्या दोन रिळा, तिसरीची सोय नव्हती.

लग्नाच्या दिवशी तो दिवस उगवताच देऊळघाटला पोचला. मागच्या अंगणात रंगरावांची बायको, सत्यभामाबाई, तुळशीपाशी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पुंजाजीभाऊ, एक सांगू का? दोन पोरीइचे लगन झाले, म्या एकबी नाई पाह्यलं. आमच्या घरची रीत हाय. मंगलाष्टकं लागले का पोरीच्या मायनं मांडवात थांबू नाई. इथं येऊन तुळशीले पानी घालत बसाचं. आवाज येते, बाजा येते, दिसत काईच नाई. आता आशा शेवटची. अंतरपाट सरकल्यावर तिचं तोंड कसं दिसते, तेवढं मले धरून आना. आनसान ना?"

"आनतो, बाई," पुंजाजी म्हणाला. पाटलांना नाराज केलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं. हिला काय सांगणार होता तो?

यंत्राची खातरजमा करायला उजेड हवा होता. त्याने तिलाच म्हटलं, तुम्ही तुमचं काम करत राहा. ती आधी लाजली, मग विसरून गेली. तिने पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या, पुन्हा पाणी घातलं. पुंजाजी चावी देत गेला आणि रिळेची एक अख्खी बाजू तिच्यावरच संपली. त्याने कपाळाला हात लावला. दुसऱ्या बाजूवर हळद आणि पाहुणे घेतले, रीळ डबीत घालून बुशकोटाच्या डाव्या खिशात टाकली. कोरी उजव्या खिशात, तोंडाला चिकटपट्टी लावलेली. उन्हात तापू नये म्हणून ती ऐन वेळीच चढवायची होती.

मुहूर्त साडेअकराचा होता. नवरदेवाची मित्रमंडळी मारुतीच्या पारापुढे नाचत राहिली ती तीन वाजेपर्यंत. मग रुसवे निघाले, मग ते काढणं आलं. साडेसहा वाजत आले तेव्हा पुंजाजी उजेड जाताना बघत मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

तेवढ्यात रंगरावांनी त्याला हाताला धरून ओसरीवर नेलं. या घरात लग्नात राबणाऱ्या प्रत्येकाला, आचाऱ्यापासून वाजंत्र्यापर्यंत, नवा सदरा आहेर होई, आणि तो तिथल्या तिथे चारचौघांत अंगावर चढवावा लागे. नाही चढवला तर मालकाचा अपमान.

"मंग घालतो, पाटील. उजेड चालला."

"मंग कोनतं? घाल बे, लोक पाहून राह्यले."

पुंजाजीने बुशकोट काढला, दोन्ही डब्या काढून हातात घेतल्या, सदरा घातला. सदऱ्याला खिसा एकच. दोन्ही डब्या त्याच खिशात गेल्या. आणि भटजींनी घसा साफ केला.

रिळेला उजेड लागू नये म्हणून त्याने कोपऱ्यात बसून घोंगडी डोक्यावर ओढली, अंधारात चाचपडत एक डबी उघडली आणि रीळ चढवली. अंतरपाट धरला गेला. त्याने चावी पुरती भरून ठेवली, डोळा कॅमेऱ्याला लावला. शेवटचं 'सावधान' झालं, कापड सरकलं, आशाने मान वर केली. मोठी काच होती म्हणून बरं, नाहीतर त्या उजेडात काही उमटलं नसतं. सगळी दोन मिनिटं त्याने तिथेच खर्च केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, जमलं.

पंगतीत बसताना त्याने खिसा चाचपला. दुसरी डबी बाहेर काढली. तिच्या तोंडावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

समोर बुंदी वाढलेली होती. ती तशीच राहिली. वापरलेल्या रिळेवरच पुन्हा लग्न घेतलं होतं त्याने. एकावर एक, दोन्ही नासलेली. आतल्या दारातून सत्यभामाबाई त्याच्याकडे बघून हसली. त्याने मान खाली घातली.

पुढचे पाच आठवडे त्याने कसे काढले ते वच्छलाबाईला विचारावं. "सांगून टाका ना पाटलाले," ती रोज म्हणे. "जीव त घेत नाईत." तो रोज सकाळी निघे आणि मोटारस्टँडवरून परत येई. देऊळघाटचं माणूस बाजारात दिसलं तर दुकानाचा पडदा ओढून घेई. शेवटी मुंबईहून पाकीट आलं. त्याने फीत उन्हात धरली. ज्वारीच्या दाण्याएवढी चित्रं, आणि त्यांत सगळी गिचमिड. होता-नव्हता तो धीरही गेला.

तरी तो गेला. अकोल्याच्या दुकानदाराचं दाखवायचं यंत्र घेऊन, भरदुपारी. माजघराच्या खिडक्या लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं. सत्यभामाबाई पुढे बसली. रंगरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई दारातच राहिली. आईने लग्न चित्रातसुद्धा पाहू नये असं तिचं मत होतं, आणि ते तिने सगळ्यांना ऐकवलं होतं.

"पाटील, आधी ऐका," पुंजाजी म्हणाला. "माह्या हातून चूक झाली. एकाच रिळीवर दोनदा घेतलं. लगन खराब झालं. काय शिक्षा द्याची ते द्या."

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. "लावा," सत्यभामाबाईच म्हणाली.

यंत्र खरखरलं. धोतरावर मांडव आला, संध्याकाळचा, काळपट. आणि त्या मांडवातून सकाळच्या उन्हातली एक बाई हातात तांब्या घेऊन चालत गेली. नवरदेवाच्या अंगातून गेली, भटजींच्या पाटावरून गेली, वळून पुन्हा आली. कुणी हसलं नाही. अंतरपाट सरकला. आशाने मान वर केली, आणि तिच्या खांद्यामागे आई उभी होती, तांब्या कलता धरून. पाणी पडत होतं, त्यातूनच अक्षता पडत होत्या.

रंगरावांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले.

"रीत मोडली," दारातून मनकर्णाबाई म्हणाली. "माय मांडवात आली."

सत्यभामाबाईने भिंतीवरची नजर काढली नाही.

"कुठं मोडली, अक्का? मी त तुळशीलेच पानी घालून राह्यली," ती म्हणाली. "पुंजाजीभाऊ, आनखी एक डाव लावा."