पहिली फोड

दर हिवाळ्यात कामासाठी अमरावतीला गेलो की मी बस स्टँडबाहेरच्या त्या संत्रीवाल्याकडे थांबायचो. माल शेंदूरजनाघाटचा असायचा. तो एक संत्रं सोलायचा, पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकून डोळे मिटून चावायचा आणि मगच दुसरी मला द्यायचा. "आंबट निंगालं तं माह्यं तोंड वाकडं होऊ द्या, तुमचं काहून?"

पुण्याला परतून मी अमरावतीवर विनोदी प्रवासलेख लिहिला. शहर फारसं पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याचंच बोलणं वापरलं. ती फोड, ते मिटलेले डोळे, ते 'काहून', सगळं घातलं. लेख छापून आला, लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

यंदा गेलो, तर म्हणाला, "या साहेब. आपल्याला किती किलो देऊ?" एकेक शब्द तो तोलून बोलत होता. शेजारच्या गिऱ्हाइकाला मात्र सांगत होता, "घे नं बाप्पा, साखर हाय साखर!"

"काहून भाऊ, आज फोड नाही?" मी विचारलं. ते 'काहून' माझ्याच कानाला नक्कल वाटलं.

त्यानं त्या गिऱ्हाइकाच्या पिशवीला गाठ मारली. "मुलीने आपला लेख वाचून दाखवला. कॉलेजात आता पोरं तिच्यासमोर डोळे मिटून चावून दाखवतात."

मग त्यानं एक संत्रं सोललं आणि अख्खं माझ्या हातावर ठेवलं.

"आपणच चाखून पाहा."