मंद आच

ग्रंथालयाच्या उपाहारगृहातल्या आचारीबाईंना सगळे ‘पळीबाई’ म्हणत. कारण बोलताना त्यांच्या हातात पळी असेच, आणि ती समोरच्याच्या नाकासमोर नाचे. जिभेनं तिखट, हाताला मात्र विलक्षण चव.

राष्ट्रकवीच्या जन्मदिनी ग्रंथालयात दरवर्षी जेवण आणि काव्यवाचन होई. जेवण साधंच, कवीच्या कवितांत येणारं: भोपळ्याची भाजी, डाळ, भात आणि खीर. बावीस वर्षं ते पळीबाईच रांधत होत्या.

यंदा एक नामांकित प्राध्यापक आले होते. खीर उतरवून पळीबाई दाराशी ऐकायला उभ्या राहिल्या. प्राध्यापकांनी पुस्तक उघडून वाचलं,

“मंद आस ठेव, माये, दूध उतू जाऊ नये,
तळाशी जे लागले ते वर कुणी सांगू नये.”

मग म्हणाले, “इथे कवी आईला आशा आवरायला सांगतो. केवढी विरक्ती.”

पळीबाईंना हसू आवरेना. सगळ्यांच्या माना वळल्या.

“काय झालं बाई?” ग्रंथपालांनी विचारलं.

“आस नाही हो, आच. मंद आच. आशा कमी करून दूध थांबतं का कुठं?”

“छापलंय तसंच वाचलं मी,” प्राध्यापक म्हणाले.

“छापणाऱ्यानं कधी दूध तापवलं नसेल. माझे वडील वसतिगृहात आचारी होते. खीर ढवळताना हीच कविता म्हणायचे. आता आचाऱ्याला आच कळणार नाही तर कुणाला?”

कुणीतरी खुसखुसलं. प्राध्यापकांचा चेहरा उतरला. पळीबाईंनाही वाटलं, आपण भर सभेत जास्तच बोललो. पण शब्द मागे घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि हा शब्द तर वडिलांचा.

ग्रंथपाल उठले. कुलूपबंद कपाटातून कवीच्या हयातीतली पहिली आवृत्ती त्यांनी काढली, जपून पान उलटलं आणि पुस्तक प्राध्यापकांपुढे धरलं. तिथे स्वच्छ छापलं होतं: आच.

प्राध्यापकांनी ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मग मंचावरून खाली उतरले. “तीस वर्षं चुकीचं शिकवलं मी,” ते म्हणाले. “बाई, पूर्ण कविता येते तुम्हाला?”

येत होती. पळीबाईंनी पदराला हात पुसले आणि वडिलांच्याच चालीत, ढवळण्याच्या ठेक्यात, सोळाच्या सोळा ओळी म्हटल्या.

नव्या आवृत्तीत तो शब्द दुरुस्त झाला. खाली बारीक अक्षरात टीप आली: ‘ही चूक ग्रंथालयाच्या आचारीबाईंनी दाखवून दिली.’

पळीबाईंनी त्या पानाच्या वीस प्रती काढून घेतल्या. भाजीवाला, दूधवाला, शेजारीण, कुणालाच सोडलं नाही. पहिली प्रत मात्र त्यांना ‘स्वयंपाकीण’ म्हणून हिणवणाऱ्या विहीणबाईंना गेली. “वाचा सावकाश,” पळीबाई म्हणाल्या, “घाई नाही.”