माती कुठं ढकलली

कुसळ तात्या उभ्या माणसाशी बोलत नसत. कुणी येऊन काही विचारू लागलं, की मान वर न करता म्हणायचे, "आधी खाली बस. उभ्यानं गवत दिसत न्हाई." सरपंच असो, तलाठी असो, नाहीतर कडक इस्त्रीचा पायजमा घालून आलेला गावाचा नवा जावई असो, उकिडवं बसल्याशिवाय कुणालाच उत्तर मिळायचं नाही. कपड्यात शिरलेलं कुसळ जसं टोचत राहतं आणि काढू म्हटलं तर सापडत नाही, तसा हा माणूस, म्हणून गावानं त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. "कुसळ बरं, तुमच्यागत येडी बाभळ तरी न्हाई," असं ते म्हणायचे.

येडी बाभळीवर त्यांचा खरा राग. कवठे महांकाळकडं आमच्या गावामागच्या डोंगरउतारावर गावाचं गायरान आहे. माझ्या लहानपणीच त्यात एवढी बाभळ माजली होती की आत गेलेली शेळी परत येईल याची खात्री नसे. सरकारनं लावली, शेळ्यांनी शेंगा खाऊन पसरवली आणि गावानं बघत बसून मोठी केली, असा तात्यांचा हिशोब होता. तिसऱ्या गुन्हेगारावर त्यांचा दात जास्त. साठी उलटल्यावर एका सकाळी ते कुदळ आणि पहार घेऊन एकटेच वर गेले आणि खालच्या कोपऱ्यातून खणायला लागले.

लोक जळणासाठी बाभळ कोयत्यानं वरवर तोडायचे. महिनाभरात त्याच बुडख्यातून चार फोक वर यायचे. "डोंगराची दाढी केलीस व्हय रं? चार दिसानं परत ये, वाढली असंल," असं तात्या तोंडावर म्हणायचे. ते स्वतः बुडाभोवती गुडघाभर खणून गड्डा मुळासकट काढत आणि लगेच त्या खड्ड्यात माती सारून पवना नाहीतर मारवेल गवताचा ठोंब लावत. दिवसाला पाच-सहा गड्डे, जास्त नाही. एका उन्हाळ्यात घराच्या अंगणाएवढी जागा मोकळी व्हायची. लोक हसायचे. सहा वर्षांनी मात्र तिथं कमरेएवढं गवत उभं राहिलं, तेव्हा तेच लोक विळे घेऊन आले.

तात्यांनी वाट अडवली. नियम एकच: जनावर आत सोडायचं नाही, आणि जो पाच गड्डे काढील त्याला एक भारा गवत. नातं, जात, भावकी काही चालायचं नाही. त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं न खणता भारा उचलला, तर तात्यांनी तो भर चावडीपुढं त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन परत वर गेले. पुतण्या दोन वर्षं बोलला नाही. तात्या म्हणायचे, तेवढीच शांतता.

माझ्या आईनं त्या नियमावर एक गाय जगवली. मी आठवीत शाळा सोडून गलाईच्या धंद्यात तामिळनाडूत गेलो. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, आमच्या भागातली निम्मी पोरं हेच करतात. वडील नव्हते. आई एकटी. एका कोरड्या सालात शेजारीपाजारी जनावरं बाजारात नेत होते आणि आई गाईच्या वैरणीसाठी डोंगरावर खणत होती. तात्या तिचे गड्डे मोजताना म्हणे मुद्दाम चुकायचे. एरवी मोजण्यात त्यांची चूक झाल्याचं कुणी ऐकलं नाही. हे उपकार मी आजही विसरलेलो नाही, आणि त्या उपकारापायीच मी ते करून बसलो.

फोनवर आईच्या हाताला फोड आल्याचं कळलं की माझं मन भट्टीपुढं थाऱ्यावर नसायचं. ती खड्ड्यात पडेल, तात्या मधेच जातील, वरचा डोंगर तसाच राहील, असल्या काळज्या. शेवटी आम्ही गावची सहा पोरं एकत्र आलो आणि गावाला जेसीबी लावून द्यायचं ठरवलं. गलाईवाल्यांनी गावाला काही द्यायचं ही आमच्याकडची पद्धतच आहे. कुणी कमान देतं, कुणी देवळाचा कळस. आम्ही तात्यांना मोकळा डोंगर देणार होतो. ते मोतीबिंदू काढायला मिरजेला गेले, तोच मुहूर्त धरला. डोळ्याची पट्टी सुटली की समोर सगळं साफ दिसावं, एवढाच माझा विचार. त्यांना विचारावं, हे सहाजणांतल्या एकालाही सुचलं नाही.

मशीन तीन दिवस चाललं. खालच्या टप्प्यातली बाभळ गेली. तिच्याबरोबर तात्यांनी लावलेलं गवतही गेलं, कारण चालकाला गवत म्हणजे कचरा. वरची हातभर माती खरवडून त्यानं ओढ्यात लोटली. खाली पिवळा मुरूम. सरपंचांनी त्यावर उभं राहून फोटो काढला आणि मला पाठवला. मी तो दुकानात सगळ्यांना दाखवला.

हिरवी पट्टी डोळ्यावर असतानाच तात्या वर गेले. आई सांगते, ते खाली बसले आणि हातानं चाचपत राहिले. कुणी केलं, एवढंच विचारलं. आईनं माझं नाव सांगितलं. मग तिच्याच फोनवरून मला फोन आला.

"माती कुठं ढकलली रं?"

मी म्हटलं, "तात्या, आवं मला वाटलं..."

"ते न्हाई इचारलं. माती कुठं हाय?"

पहिल्या दोन पावसांत ओढ्यातली माती वाहून गेली आणि तुटक्या गड्ड्यांतून बाभळ पूर्वीपेक्षा दाट फुटली. दिवाळीला मी शिव्या खायच्या तयारीनं गावी गेलो. आख्ख्या गावाला फोडून काढणारा माणूस मला मुरमाड उतारावर दगडांची ताल रचताना दिसला, वाहती माती अडवायला. मी समोर उकिडवा बसलो आणि माफीचं बोलायला लागलो.

"रजा किती हाय?" त्यांनी विचारलं.

"आठ दिस."

"मग बोलण्यात का घालवतूस? दगड आण."

आठ दिवसांत तेवढंच बोलणं झालं. पुढची चार वर्षं मी दर दिवाळीला दगड वाहिले. तालींमागं बोटभर माती साठली, तिच्यात पवना धरला. अंगणाएवढी जागा झाली असेल. बाकी उतार तसाच. मागच्या पावसाळ्यात तात्या गेले. मला दोन गाड्या बदलून पोचायला उशीर झाला.

यंदा प्रजासत्ताक दिनाला गावानं त्यांना श्रद्धांजली आणि आम्हा देणगीदारांचा सत्कार एकाच मांडवात उरकला. गायरान मोकळं करणारे म्हणून माझं नाव पुकारलं. तात्यांच्या फोटोपुढं मला शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी माईकवर स्पष्ट सांगितलं, "तात्यांनी सहा वर्षांत उभं केलेलं मी तीन दिवसांत घालवलं. हा डोंगर माझ्यामुळं उघडा पडला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच माईक घेऊन म्हणाले, एवढं करूनसुद्धा पोरगा किती नम्र आहे बघा, आणि वरच्या टप्प्यालाही मशीन लावायचं जाहीर करून टाकलं.

बायकांच्या रांगेतून आई उठली. मांडवाचे खांब रोवून बाहेर टेकवलेली पहार तिनं उचलली आणि कुणाकडं न बघता वरच्या टप्प्याची वाट धरली. मी शाल खुर्चीवर टाकली. सरपंच माझं नाव घेत होते, तोवर मी तिला गाठलं होतं.