उन्हाचं फाटक

घाटाच्या तोंडाशी फाटक सांभाळणाऱ्या बाईला ड्रायव्हर लोक ‘आडवी’ म्हणत, आणि त्यांत सगळ्यांत चढा आवाज तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा असे. तो बस चालवायचा.

पावसात तिला त्रास नव्हता. डोंगरावरून चिखल उतरायला लागला की भलेभले आपणहून गाड्या थांबवत. खरा तमाशा व्हायचा तो कडाक्याच्या थंडीतल्या स्वच्छ सकाळी. कड्याच्या भेगांत मुरलेलं पाणी रात्री गोठतं, फुगतं आणि दगड सैल करतं; पण तोच बर्फ त्याला धरूनही ठेवतो. ऊन लागलं की बर्फ सुटतो, मग दगडही. म्हणून कड्याची पाहणी करणाऱ्या मॅडमनी नियमच घालून दिला होता: अशा सकाळी कड्यावर ऊन आलं की फाटक बंद, भेगांतलं पाणी वाहायचं थांबेपर्यंत. पण निळंशार आभाळ दिसलं की लोकांची अक्कल चरायला जाते, त्याला ही काय करणार?

अशाच एका सकाळी भाऊ फाटकाशी अडकला. घरच्या माणसाला तरी सोड, म्हणाला. तिने सोडलं नाही. थोड्याच वेळात पुढच्या वळणावर कपाटाएवढी शिळा धाडकन रस्त्यावर आली. भाऊ उतरला, शिळेला प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, “कुणाला लागली का? उगाच खोळंबा केलास.”

प्रवाशांनी माना डोलावल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे तक्रारी गेल्या, पहिली भावाची. मग एक साहेब आले, तिच्याच चौकीत तिचाच चहा प्यायले आणि निकाल देऊन मोकळे झाले, की इतक्या वर्षांत इथे एकही अपघात नाही, सबब फाटकाची गरज नाही. अपघात का झाला नाही तेही विचारा की, असं ती म्हणाली, तर साहेबांना तिचा आवाज चढलेला वाटला. फाटकाचा दांडा काढून नेला. तिला सामान आवरायला सांगितलं.

पुन्हा तशीच गोठलेली सकाळ उजाडली. ती चौकीत स्टोव्ह पोत्यात बांधत होती. कड्यावर ऊन चढलं आणि पहिली बस आली, भावाचीच. रस्ता सताड मोकळा होता. तरी दांडा असायचा नेमकी तिथेच बस थांबली. चला की, अडलंय कुठे, असं प्रवासी ओरडू लागले. भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून वर बघत होता. भेगाभेगांतून पाणी चमकत होतं.

त्याने खिडकीतून डोकं काढलं. “ताई, तू तरी सांग ना यांना.”

तिने पोत्याची गाठ करकचून आवळली. “मी कोण सांगणारी? दांडा होता तोवर माझ्या नावाने शिव्या घातल्यास. आता तुझ्या तू खा.”

भावाने मान खाली घालून इंजिन बंद केलं. मागे हॉर्न सुरू झाले, आणि पहिली शिवी त्याच्याच बसमधून आली.