एन वाढवत नेल्यावर

२२ मे २००६. वर्षाचा गहू निवडून त्याला एरंडेल लावायचं काम चालू होतं. अर्धं पोतं झालं आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनहून फोन आला. माझा पीएचडीचा प्रबंध टाइप करणाऱ्या सिंधी बाईंचा. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर त्यांची खोली, एक संगणक, एक प्रिंटर. गणित त्यांना येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक चिन्ह त्या जसंच्या तसं उतरवत.

"मॅडम, एकशे बारा पानावर सीच्या खाली छोटा एन आहे. एकशे तेरावर नाही. इथे लावू, की तिकडचा काढू?"

बघून सांगते म्हटलं. हात पुसले, कच्ची वही काढली.

माझा विषय सांगायला सोपा. बंद टाकीत कण भटकतात. दोन भेटले की चिकटतात. मोठा गोळा कधीकधी फुटतोही. कुठे, कुठल्या आकाराचे किती गोळे असतील याची समीकरणं मांडायची. आकार अनंत, म्हणून समीकरणंही अनंत. मला सिद्ध करायचं होतं की कितीही काळ गेला तरी एकूण वस्तुमान सुरुवातीइतकंच राहतं, एखाद्या अनंत मोठ्या गोळ्यात गडप होत नाही. त्यासाठी आधी एन आकारापर्यंतचेच गोळे घेतले, एक मर्यादा काढली, मग एन वाढवत अनंताकडे नेला. अट एकच: मर्यादेतला सी हा स्थिरांक एनवर अवलंबून नको.

तो होता. त्यात मी सर्वांत मंद गोळ्याच्या पसरण्याच्या वेगाने भागलं होतं, आणि गोळा जितका मोठा तितका मंद. एन वाढला की तो वेग शून्याकडे जातो, सी हाताबाहेर. चार वर्षांपूर्वी पान उलटताना मी एन गाळला होता. पुढची तीन प्रकरणं त्या पानावर उभी होती.

दुपारभर दुसरी वाट शोधली. मिळाली नाही. प्रबंध द्यायची मुदत एकतीस तारखेला संपत होती, दोनदा वाढवून झालेली. मार्गदर्शक सरांना फोन केला.

"बाई, एवढ्या खोलात कुठला परीक्षक जातो? देऊन टाका."

"टाइप करणाऱ्या बाई गेल्या की एवढ्या खोलात, सर."

मीच फोन ठेवला.

नवरा कामावरून आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, म्हणजे आता आमटीत मीठ पडेल. प्रबंधाच्या नादात मी ते विसरायचे. एरवी हसले असते.

वय पंचेचाळीस. पुन्हा नोंदणी करायची तर मांडायला काही हवं. प्रमेय खोटं ठरलं असतं तरी चाललं असतं, तेही एक उत्तरच. ते खरं की खोटं हेच मला माहीत नव्हतं, आणि शोधून काढण्याइतकी मी हुशार नाही, हे त्या दिवशी कळलं. सहा वर्षांत तेवढंच सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथहून शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. बाईंना म्हटलं, एन लावा. त्यांनी विचारलं, कुठपर्यंत? शेवटच्या पानापर्यंत, म्हटलं. शेजारी बसून एकेक तपासला, माझ्यापुरती एकच प्रत छापून घेतली, आणि घरी येऊन उरलेलं अर्धं पोतं निवडायला घेतलं.